दारातली राख

मलिंगारला शुक्रवारी बर्फ पडणार असं हवामानखातं आठवडाभर सांगत होतं, आणि अनुयाला हळदीकुंकू ठेवायला नेमका त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शनिवार सापडला होता. संक्रांत बुधवारीच होऊन गेली होती, पण आयर्लंडात सणांना वार विचारून यावं लागतं. मेनूथहून सुमेधा येणार होती, क्लोनडॉकिनहून डबे करणाऱ्या सुरेखाताई, आणि त्यांच्या गाडीतून आणखी दोघीतिघी. तिळगूळ वळून झाला होता. वाणाच्या वाट्या सासूबाईंनी साताऱ्याहून दिवाळीतच पाठवल्या होत्या. काळी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर पसरली होती.

भाकितावर अनुयाचा विश्वास नव्हता. चार वर्षांत तिनं इथं उभा पाऊस पाहिला होता, आडवा पाहिला होता, पडतोय की नुसता हवेत लोंबकळतोय ते कळू नये असाही पाहिला होता. बर्फ म्हणाल तर एकदा गाडीच्या टपावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा. अबोली सहा वर्षांची झाली तरी बर्फाचा माणूस तिनं फक्त ख्रिसमसच्या कार्डावर बघितलेला.

या घरात बर्फ यायचा तो शेजारच्या नोरीनच्या तोंडून. नोरीन डेली म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्या अर्ध्या घरातल्या बाई. ऐंशी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा डोनल कॉर्कला. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, आणि अजूनही त्यांना समोरून येताना पाहिलं की पन्नाशीचे बाप्ये सिगरेट पाठीमागे लपवायचे. मला नुसतं नोरीन म्हण, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. अनुया तोंडानं नोरीन म्हणायची आणि मनात अहो-जाहो करायची. साताऱ्याच्या मुलीच्या जिभेला तेवढं सुटत नाही. दोन्ही घरांना मिळून एकच गेट होतं आणि सिमेंटची एकच वाट. दारांच्या थोडी अलीकडे ती दोन्हीकडे फुटायची.

शाळेतून आली की अबोली दप्तर टाकून तिकडे पळायची. नोरीनच्या स्वयंपाकघरात टर्फचा स्टोव्ह पेटलेला असायचा. टर्फ म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. जुनी माणसं अजून त्याच जाळतात. बिस्किटांचा डबा प्रेसच्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटाच्या, सगळ्यात खालच्या फळीवर, बरोबर अबोलीच्या हाताला लागेल असा. आणि बिस्किटाबरोबर गोष्ट ठरलेली. वडिलांच्या खांद्यावर बसायच्या वयात नोरीननं बर्फ कुंपणांच्या माथ्याला टेकलेला पाहिला होता. गाडल्या गेलेल्या मेंढ्या शोधायला माणसं लांब काठ्या खुपसत हिंडली होती. पुढे त्या कॉलेजात असताना तळं असं गोठलं की गावातली वात्रट पोरं त्यावर सायकली घेऊन गेली, आणि त्यातल्याच एका वात्रटाशी त्यांनी लग्न केलं. डोनल लहान असताना दूध ट्रॅक्टरवरून आलं होतं, गल्लीतल्या सगळ्या मुलांना ओळीनं पेले धरायला लावून वाटलं होतं. मग मधली मधली वर्षं रिकामी जायला लागली. एकदा कालवा गोठला. एकदा लाल इशारा आला आणि गावातला पाव संपला. त्यानंतर नुसता पाऊस.

“पूर्वी थंडी आमच्याकडे महिनाभर मुक्कामाला यायची,” नोरीन म्हणायच्या. “आता दारातूनच विचारते, आहात का घरात, आणि जाते.”

अबोलीला घरी न्यायला गेलं की या गोष्टींची शेपटं अनुयाच्या कानावर पडायची. ती हसायची, इथल्या लोकांसारखं ग्रँड, म्हणजे छान, म्हणायची आणि मुलीचा कोट शोधायची. लक्ष तिचं भलतीकडेच असायचं.

उन्हाळ्यात डब्लिनकडच्या ज्या बातम्या आल्या, तेव्हापासून तिचं लक्ष असंच झालं होतं. आपल्या माणसांना रस्त्यात गाठून मारलं, अमक्याच्या गाडीची काच फोडली, तमकीला बसमध्ये घरी परत जा म्हणाले. मलिंगारात तसं काही झालं नव्हतं. पण न झालेल्या गोष्टीचीच तर राखण करावी लागते. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी ती पडद्याच्या फटीतून गेटपर्यंत बघून घ्यायची. दुकानात अबोलीला हळू बोल म्हणून दटावायची. खरं तर अबोली बोलायची ती मलिंगारच्या पोरांसारख्या इंग्रजीतच, मराठी नुसती ऐकायची. दारावर लावायचा कॅमेरा मागवून झाला होता, तो खोक्यातच होता. तिचा नवरा सारंग अ‍ॅथलोनला हृदयात बसवायच्या नळ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. जिवंत माणसाच्या काळजात काय बसतं ते त्याला कळायचं, पण भिंतीत स्क्रू मारायला रविवार उजाडायचा नाही.

शुक्रवारी दुपारी आभाळ खाली आलं आणि खरोखरच बर्फ पडायला लागला. अबोली नोरीनकडून धावत आली ती नाक लाल, टोपी एका कानावर. अनुया तेव्हा फोनवर होती. उद्या गाड्या निघतील का, आणि निघाल्याच तर किती जणींचं करायचं, यावर सुमेधाशी खल चालला होता. अबोली तिच्या ओढणीला धरून काहीतरी सांगत होती, नोरीन सेज, नोरीन सेज असं. अनुयानं फोनवर हात ठेवून तिला सांगितलं की हो, कळलं, आधी हात धू.

शनिवारी सारंग अंधारातच जादा शिफ्टला निघून गेला. उजाडल्यावर तिनं नेहमीसारखा पडदा सरकवला. सगळं जग पांढरंशुभ्र. आणि त्या पांढऱ्यावर, तिच्या उंबऱ्यापासून थेट गेटपर्यंत, राख. करडी, तांबूस, मध्ये मध्ये कोळशाचे काळे खडे. वाऱ्यानं आली म्हणावी तर नाही. कुणीतरी हातानं, नीट, मुठी मुठी टाकलेली.

तिनं दार उघडलं नाही. खिडकीतून पाहत राहिली. बर्फात सारंगच्या बुटांखेरीज आणखी ठसे होते; आखूड, जवळजवळ पडलेले. ते शेजारच्या दारातून आले होते आणि शेजारच्या दारात परत गेले होते. तिकडच्या पायरीशीही थोडी राख होती. बादली भरताना सांडली असणार, अनुयाच्या मनानं ताबडतोब सांगितलं. शंकेखोर माणसाला पुरावे कमी पडत नाहीत.

आईला, उषाबाईंना, फोन लावला. साताऱ्यात दुपार झाली होती. दारात राख म्हटल्यावर उषाबाईंचा आवाजच बदलला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं आधी म्हणून घेऊन त्यांनी सांगितलं की सणासुदीला दारात राख म्हणजे चांगलं नव्हे, आधी ती धुऊन काढ, सडा घाल, आणि पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाक. अनुयाचाही विश्वास नव्हता. एम.एस्सी. केमिस्ट्री झाली होती ती. तरी सगळं तिनं नीट ऐकून घेतलं.

मग तिनं दोन गोष्टी केल्या, आणि त्यांचा क्रम तिला पुढे कधीच विसरता आला नाही. आधी फोटो काढला. बायकांच्या ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं: “आज सकाळी आमच्या दारात हे. ठसे शेजारच्या म्हातारीच्या घरातूनच आलेत.” जिला मनातसुद्धा ती अहो म्हणायची, तिला. बोटांनी लिहिलं, अनुयानं वाचलं, पाठवलं. बघता बघता ग्रुप पेटला. सुमेधानं लिहिलं की गोड बोलणाऱ्यांचीच जास्त भीती, आणि हा फोटो ती आयर्लंडभरच्या आपल्या लोकांच्या मोठ्या ग्रुपवरही टाकते आहे, लोकांना कळू दे. अनुयानं नको म्हटलं नाही. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय याची तिला ऊबच वाटली.

दुसरं म्हणजे तिनं बादलीत गरम पाणी काढलं. एक बादली, मग दुसरी, मग आणखी. झाडूनं खसाखसा घासून तिनं राख वाटेच्या दोन्ही अंगांना लोटून दिली, पार गेटपर्यंत. बर्फही वितळून गेला. खालचं सिमेंट काळंभोर, ओलं, स्वच्छ निघालं. तिला बरं वाटलं. साताऱ्याला आईच्या दारात सडा पडल्यावर वाटायचं तसं. उंबऱ्याशी तिनं रांगोळीही काढली, हळदकुंकू भरलेलं कमळ. मीठमोहऱ्या अबोलीवरून ओवाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ऊन पडलं होतं, पण ते नुसतं बघायचं ऊन होतं. थंडी दातात शिरत होती.

दुपारपर्यंत एकेकीचे निरोप आले. मोटरवेवर गाड्या अडकल्या आहेत, सुरेखाताईंची गाडी घराच्या चढावरच घसरते आहे. अनुया काळी साडी नेसून, तिळगुळाच्या ताटाशी बसून राहिली. बोलावलेल्यांपैकी चालत येऊ शकेल अशी एकच बाई होती, आणि तिला आपण बोलावलं आहे हे अनुया त्या सकाळभर विसरू पाहत होती. मागच्या रविवारी अबोलीच्याच हट्टावरून बोलावलं होतं. तीन वाजता या म्हणून.

नोरीन तीनला निघाल्या असणार. शिक्षिकेची वेळ. बाहेर काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

वाट दोन्हीकडे फुटते तिथे त्या आडव्या पडल्या होत्या. चर्चला जाताना घालायचा निळा कोट, केसांना क्लिप, हातात फडक्यात बांधलेली काचेची बशी होती तिचे तुकडे, आणि सफरचंदाचा टार्ट बर्फात पालथा. एक पाय भलत्याच कोनात. अनुया धावायला गेली आणि तिचाही पाय सर्रकन सुटला. दाराची चौकट धरली म्हणून वाचली. ओलं दिसणारं ते सिमेंट ओलं नव्हतं. काच होती ती. तिनं ओतलेलं पाणी वाटभर गोठून बसलं होतं. शेवटी बसत, सरपटत ती नोरीनपाशी पोचली. त्यांना आत नेणं शक्य नव्हतं. तिनं सोफ्यावरच्या गोधड्या मागवल्या, अबोलीनं त्या दारातून फेकल्या. सरपटत येताना अनुयाच्या साडीला लागलेलं रांगोळीतलं हळदकुंकू नोरीनच्या निळ्या कोटाला लागलं होतं.

नोरीन कण्हत नव्हत्या. वाटेकडे बघत होत्या, गणित चुकलेल्या मुलाच्या वहीकडे बघावं तशा.

“मी टाकली होती इथं,” त्या म्हणाल्या. “काल संध्याकाळी अख्खी वाट केली मी. राख टाकली होती, म्हणून तर न बघता चालले.”

अनुयाच्या हातातली गोधडी तशीच राहिली. मागून, दारातून, अबोलीचा आवाज आला. ओरडून नव्हे, अगदी साधा.

“आय टोल्ड यू, आई. शी सेड शी'ड डू आवर पाथ टू, सो युअर फ्रेंड्स वोन्ट स्लिप. यू वेअर ऑन द फोन.”

रस्ते असे होते की अ‍ॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागला. तेवढा वेळ अनुया त्यांचा हात धरून त्या बर्फावर बसली होती. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसानं विचारलं की इथंच एवढं आइस कसं झालं, बाकी रस्त्यावर तर नुसता भुसभुशीत बर्फ आहे. अनुयानं खांदे उडवले. एवढं सोपं होतं ते. खांदे उडवायचे, बस.

संध्याकाळी ग्रुपवर सुमेधानं विचारलं, मग विचारलंस का तिला. अनुयानं लिहिलं की ती पडली आहे, खुबा मोडला, टलमोरला ऑपरेशनला नेलं. पुढचं वाक्य ती जुळवत होती तोवर कुणाचंतरी उत्तर आलंही: “देव बघतो बरं.” खाली जोडलेले दोन हात. आणि त्याला पाचसहा जणींचे अंगठे. अनुयानं फोन पालथा घातला, प्रेसमध्ये ठेवला, दार लावून घेतलं. जणू तो आतून बोलेल.

सारंगला तिनं रात्री पाण्याचं सांगितलं. त्यानं तिची पाठ थोपटली. तुला काय माहीत, आपण साताऱ्याची माणसं, हिमालयाची थोडीच, चूक होते, असं म्हणाला. फोटोचं तिनं त्याला सांगितलं नाही. माहीत नसणं वेगळं आणि माहीत आहे असं वाटणं वेगळं, आणि यातल्या दुसऱ्या गोष्टीला पाठ थोपटून घेता येत नाही.

डोनल दुसऱ्या दिवशी आला. उंच, दमलेला, आईसारखीच बारीक हनुवटी. तिच्या हातावर घराची किल्ली ठेवून त्यानं विनंती केली की रोज थोडा वेळ स्टोव्ह पेटवशील का, पाइप गोठून फुटायला नकोत. ती हो म्हणाली. मग गेटपाशी उभा राहून, वाटेकडे बघत, त्यानं मनातलं बोलून टाकलं. आई सारखी म्हणते आहे की मी अख्ख्या वाटेवर राख टाकली होती. पण तो येऊन बघतो तर स्वतःच्या पायरीशी, आडोशाला, दोन मुठी, बाकी वाट कोरी. आपण केलं असं तिला वाटतं आणि केलेलं नसतं. असं सुरू झालं की एकटं ठेवता येत नाही. डॉक्टर तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेणार आहेत. घर विकायला काढावं लागेल बहुतेक. कॉर्कजवळ एक चांगलं नर्सिंग होम आहे.

लोटलेली राख अजून तिथंच होती, वाटेच्या कडांना, वरून पडलेल्या बर्फाच्या पातळ थराखाली. अनुयाच्या पायापासून हातभर. ती म्हणाली, काही लागलं तर सांगा.

त्यानंतरचे दिवस तिनं नोरीनचा स्टोव्ह पेटवण्यात घालवले. टर्फ पेटवणं सोपं नसतं; पहिले दोन दिवस घरभर धूर झाला. मधल्या काळात बर्फ गेला, जसा काही आलाच नव्हता, आणि आडवा पाऊस परत आला. स्टोव्हशेजारी राखेची पत्र्याची बादली होती, छोटं फावडं होतं. भिंतीवर एक फोटो: फाटकाइतक्या बर्फात उभी असलेली तरुण नोरीन, शेजारी तो सायकलवाला वात्रट, आणि दोघांच्या पायाखालून दारापर्यंत गेलेली एक काळपट पट्टी. अनुया चार वर्षं या फोटोसमोर उभी राहून ग्रँड म्हणत आली होती. ती पट्टी राखेची होती. पडद्याच्या फटीतून गेटपर्यंतचं सगळं बघणाऱ्या बाईला एवढं दिसलं नव्हतं.

नोरीनना मलिंगारच्या हॉस्पिटलात परत आणल्यावर अनुया अबोलीला घेऊन गेली. जाताना तिनं ठरवलं होतं ते एवढंच की पाण्याचं सांगायचं. डोनल पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. नोरीन उशांवर टेकलेल्या, लहान झाल्यासारख्या. परीक्षा झाली होती. उलटे महिने म्हणून दाखवले, घड्याळ काढून दाखवलं, सगळं ठीक आलं. पण त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

“हातांना आठवतंय गं,” त्या अनुयाला म्हणाल्या. “बादलीचं वजन आठवतंय. गेटपाशी वाकले ते आठवतंय. आणि डोनल म्हणतो नव्हतीच. तर नसेल.”

“होती,” अनुया म्हणाली. “अख्ख्या वाटेवर होती. मी धुतली. गरम पाण्यानं.”

डोनलनं वर पाहिलं. मग नोरीनच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की अनुयाला बघवेना. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, ऐकलंस? होती म्हणते आहे. डोनल खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्याला राग आला असेल तर तो अजून सुटकेच्या मागे उभा होता.

“पण का धुतलीस गं?” नोरीननं विचारलं. नुसतं कुतूहल होतं.

अनुयानं सांगितलं की सण होता, आमच्यात दारात सडा घालतात, रांगोळी काढतात. यातलं काही खोटं नव्हतं. अबोली तिच्याकडे बघत होती.

“अरे देवा,” नोरीन म्हणाल्या. “तुमच्या सणाला मी तुमच्या दारात राख टाकली. तुला विचारायला हवं होतं मी. आमच्या लहानपणी विचारत नसत, ज्याच्या घरात आधी विस्तव व्हायचा तो शेजाऱ्याची वाट करून टाकायचा. आता कुणाला माहीत असणार. चुकलंच माझं, अनुया. माफ कर हं.”

एवढं बोलून त्यांनी तिचा हात हातात घेतला, सुया टोचून निळ्या पडलेल्या हातानं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. अनुयानं हात सोडवून घेतला, पर्समधून फोन काढला, तो फोटो शोधला आणि त्यांच्यासमोर धरला.

नोरीननी चष्मा लावला. फोटो मोठा करून पाहिला, बोटानं सरकवत सरकवत गेटपर्यंत गेल्या. “बघ,” डोनलला म्हणाल्या, “कडेपर्यंत टाकली होती.” मग खालची अक्षरं दिसली. “हे काय लिहिलंय?”

अनुयानं वाचून दाखवलं. इंग्रजीत. आमच्या दारात हे. ठसे शेजारच्या, आणि तिथं ती अडखळली. शेजारच्या बाईंच्या असं म्हणून पुढे निघून गेली. नोरीन तीसेक वर्षं वर्गात उभ्या होत्या. कुठलं मूल कुठे गाळतं ते त्यांना कळायचं. त्या अबोलीकडे वळल्या.

“तसंच लिहिलंय का?”

अबोलीला मराठी वाचता येत नव्हतं. पण त्या सकाळी आई ते पुटपुटत लिहीत होती, आणि त्याआधी आजीलाही फोनवर तेच सांगत होती, तेव्हा ती शेजारीच कॉर्नफ्लेक्स खात बसली होती. तिनं आईकडे पाहिलं. अनुयानं मान हलवली, सांग म्हणून. त्या दिवशी तिच्या हातून झालेली तेवढीच एक बरी गोष्ट.

“इट सेज म्हातारी,” अबोली म्हणाली. “इट मीन्स द ओल वन.”

“ते तर खरंच आहे,” नोरीन म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. फोन अनुयाच्या हातात परत दिला, चष्मा काढून त्याची घडी घातली. “कुणाकुणाला पाठवलंस?”

अनुयानं सांगितलं.

“हं,” नोरीन म्हणाल्या. “दमले मी. पडते जरा.”

घरी येऊन अनुयानं ग्रुपवर सगळं लिहिलं. राख कशासाठी होती ते, पाणी कुणी ओतलं ते, कोण पडलं ते. सुमेधानं ते मोठ्या ग्रुपवरही टाकावं अशी विनंती केली. सुमेधानं वाचलं, उत्तर दिलं नाही. सुरेखाताईंचा तेवढा फोन आला. त्या म्हणाल्या, माझ्या दारात असती तर मीही हेच केलं असतं, आणि याचंच वाईट वाटतं बघ. थोड्या वेळानं ग्रुपवर कुणीतरी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं विचारलं, मग गूळ कुठे चांगला मिळतो यावर चर्चा सुरू झाली. राखेचा फोटो वर वर सरकत दिसेनासा झाला. मोठ्या ग्रुपवर तो कुठवर गेला ते तिला कधी कळलं नाही.

घर विकायचं डोनलनं पुन्हा काढलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी नोरीन वॉकर घेऊन घरी आल्या. अबोली पहिल्यासारखी तिकडे पळायला लागली. अनुया तिला न्यायला गेली की नोरीन नीट बोलायच्या, चहा विचारायच्या. पूर्वी विचारायच्या नाहीत, सरळ ओतायच्या. तेवढाच फरक. अनुया नको म्हणायची आणि मुलीचा कोट शोधायची.

मार्चात एकदा हवामानखात्यानं पुन्हा बर्फाचा पिवळा इशारा दिला. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, अनुया नोरीनच्या मागच्या दारानं आत गेली. विचारलं नाही, बादली उचलली, बाहेर आली. आधी नोरीनच्या पायरीपासून सुरुवात केली, मग आपल्या. राख मुठीत कोमट होती. वाऱ्यानं थोडी तिच्या ओढणीवर, थोडी चपलांवर आली. समोरच्या घरातली नवीन आलेली पोर बाळाची गाडी ढकलत चालली होती. ती थांबली, राखेकडे बघितलं, मग अनुयाकडे बघितलं. ती नजर अनुयाला ओळखीची होती. तिला सांगावंसं वाटलं, पण ती बादली खाली ठेवेपर्यंत पोर पायाचा वेग वाढवून निघून गेली.

बादली रिकामी होत आली. अनुया वळली तेवढ्यात काचेवर टकटक झाली. नोरीन खिडकीत उभ्या होत्या, एक हात वॉकरवर. कपाळाला आठी. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी गेटकडे केलं. मग पुन्हा केलं, वर्गात मागच्या बाकाकडे करतात तसं. गेटपाशी राहिलंय.

खरंच राहिलं होतं. अनुया गेटपाशी गेली, वाकली आणि उरलेली राख तिनं मुठी मुठी, कडेपर्यंत टाकली. ती सरळ होईपर्यंत पावसाचे पहिले थेंब पडायला लागले होते. बर्फ नव्हता तो, पाऊसच होता. राख भिजून काळी पडायला लागली, ओघळायला लागली. तिनं मागे वळून खिडकीकडे पाहिलं. नोरीन अजून तिथंच होत्या, आणि त्यांचं बोट आता खाली आलं होतं.